डावीकडची सीट

"मग वॉकर काय त्या टाकीवर ठेवू?" बायको म्हणाली आणि हातातलं पातेलं तिने ओट्यावर ठेवलं. आपटलं नाही, पण मनात आणलं असतं तर आपटता आलं असतं, हे तिघांनाही कळेल असं ठेवलं.

"टाकीवर कशाला? बाजूला जागा असते," मास्तर म्हणाले.

"किती? रुमालाएवढी? सीएनजीच्या गाडीची डिकी मी बघितली आहे. शेजाऱ्यांची गाडी आहे ना. डिकीत टाकी झोपलेली आणि बॅगा सगळ्या मांडीवर. आईला आणायचं-न्यायचं म्हणजे वॉकर आला, कमोडची खुर्ची आली."

"वॉकरची घडी होते."

"आईची होत नाही."

लेक हसली, पण लगेच बापाच्या बाजूने नाही, स्वतःच्या बाजूने बोलली. "बाबा, मी कधीची सांगतेय, पेट्रोलची घ्या. आजीकडे जायचा अर्धा रस्ता चढाचा आहे. गॅसवर गाडी चढाला दमते. शिवाय पंपावर रांगा. तुम्ही रांगेत उभे राहिलात की मागच्या माणसाला गाडी कशी उभी करायची ते शिकवत बसाल."

"पेट्रोल परवडतं का रोजचं?"

"रोज कुठे जायचंय? महिन्यातून दोनदा."

"गाडी असली की रोजचं होतं," मास्तर म्हणाले. आपण काहीतरी पोक्त बोललो असं त्यांना वाटलं. बाकी दोघींना तसं वाटलं नाही.

गाडीचा वाद तिसऱ्या आठवड्यात शिरला होता. मास्तरांनी एक वही केली होती. तिच्यात चार गाड्या, चारही छोट्या एसयूव्ही, चारही सीएनजीवर चालणाऱ्या. प्रत्येकीच्या पुढे मायलेज, जमिनीपासूनची उंची, डिकी आणि सीटची उंची. ही शेवटची गोष्ट त्यांनी शोरूममध्ये स्वतः टेप लावून मोजली होती. बायकोचे गुडघे गेले होते, खोल बसणाऱ्या गाडीतून तिला उठवत नव्हतं. म्हणून एका दुपारी त्यांनी तिला भिंतीपाशी उभं करून तिचा गुडघा जमिनीपासून किती उंच आहे तेही मोजलं. लग्नाच्या तेहतीस वर्षांत बायकोच्या गुडघ्याकडे त्यांनी इतकं लक्ष देऊन पाहण्याची ही पहिलीच वेळ. तीही मुकाट उभी राहिली. नंतर फक्त म्हणाली, "हे माप शिंप्याकडे दिलंत तरी चालेल मला."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे. गावात त्यांना हाफक्लच मास्तर म्हणत, कारण दिवसातून शंभर वेळा तोंडात तेच: हाफ क्लच, हाफ क्लच, सोडू नका, हाफ क्लच. एकतीस वर्षं ते गाडीच्या डाव्या सीटवर बसत आले होते. त्या बाजूला, पायाशी, त्यांचा स्वतःचा एक क्लच आणि एक ब्रेक. समोरचं चाक शिकणाऱ्याच्या हातात, थांबवणं मास्तरांच्या पायात. दोनएक हजार माणसांना त्यांनी असं रस्त्यावर आणलं होतं. डॉक्टर, दुकानदार, कॉलेजची पोरंपोरी, आणि बायका तर असंख्य. बायका त्यांच्याकडेच यायच्या, कारण हाफक्लच मास्तर ओरडत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. ते हसवायचे. घाबरलेल्या माणसाचा पाय दगड होतो, हसलं की तो पाय पुन्हा पाय होतो, हे त्यांचं तत्त्व होतं आणि ते बरोबरही होतं.

स्वतःच्या लेकीलाही अठराव्या वर्षी त्यांनीच शिकवलं. पंधरा दिवसांत ती गर्दीतून गाडी काढायला लागली. आता तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, दोन महिन्यांत ती जाणार होती. बायकोला मात्र गाडी येत नव्हती.

बायकोची आई नव्वद किलोमीटरवर एकटी राहायची. वय चौऱ्याऐंशी. मागल्या वर्षी खुबा मोडला तेव्हापासून दिवसा एक बाई यायची, बाकी वेळ वॉकर. बायको दर दुसऱ्या शनिवारी दोन बस बदलून जायची आणि रविवारी संध्याकाळी पाय ओढत परत यायची. शाळेची गाडी होती, पण ती चौदा वर्षांची, जमिनीला टेकलेली; तिच्यात बसवून म्हातारीला दवाखान्यात न्यायचं-आणायचं म्हणजे दर वेळी खुब्याची परीक्षा. दोन वर्षांपूर्वी, खुबा मोडायच्याही आधी, बायकोने एकदा विचारलं होतं, "आईला इकडेच आणू का? मागची खोली आहे." मागच्या खोलीत शाळेचं सामान होतं. तक्ते, खुणांच्या पाट्या, उभा कापून आतले दात दाखवणारा गिअरबॉक्स, स्टुलावर बसवलेलं सरावाचं स्टिअरिंग. मास्तर म्हणाले होते, "मग शाळा कुठे नेऊ? डोक्यावर?" तिने पुन्हा विचारलं नाही.

म्हणून गाडीची कल्पना मास्तरांना स्वतःलाच फार आवडली होती. तिला आईकडे जाता येईल, खोलीला हात लावावा लागणार नाही. आपण बायकोसाठी गाडी घेतोय, असं ते ओळखीच्यांना सांगत. ते खोटं नव्हतं. फक्त पूर्ण नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात काचबिंदू सांगितला होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण उजव्या कडेचं जग कोणीतरी गुपचूप पडदा ओढावा तसं कमी कमी होत चाललं होतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. घरी मास्तरांनी सांगितलं की नंबर वाढलाय, आणि डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिलेत. डाव्या सीटवर बसून निभून जात होतं. उजवीकडचं बघायला शेजारी शिकणारा असायचाच. नवी गाडी आपण हळू चालवू, रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि त्यापुढचा विचार ते करत नव्हते.

शनिवारी दुपारी दोघं शोरूमला गेली. लेक कामावर होती. शाळेची गाडी त्या चकचकीत काचेसमोर उभी करायची मास्तरांना लाज वाटली, म्हणून बसने.

दारातच एक तिशीची मुलगी लगबगीने पुढे आली. "सर! ओळखलंत का? नऊ वर्षं झाली. मी ती, रिव्हर्स घेताना डोळे मिटून घ्यायची."

"डोळे मिटणारी! आता उघडे ठेवून विकतेस ना?" मास्तर खुलले. आपली विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांची छाती दोन बोटं वर आली. "ही आमची मंडळी. गाडी हिच्यासाठीच आहे."

"काकू, या ना." मुलीने पांढऱ्या गाडीची डिकी उघडली. तिथे टाकी नव्हतीच. सपाट, गालिचा घातलेली जागा. तिने गालिचा उचलून दाखवलं: एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या, खाली शेजारी शेजारी निजवलेल्या. "जुन्या गाड्यांत टाकीच डिकी खायची, काकू. आता खाली गेली. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली."

बायकोने पर्समधून दोन ठिकाणी गाठी मारलेली सुतळी काढली. मागच्या खेपेला आईच्या घरी वॉकरची घडी करून तिने मोजून आणलेली. एक गाठ लांबीची, एक उंचीची. सुतळी डिकीत आडवी धरली, मग उभी धरली. वीतभर जागा उरली. मग ती मागच्या सीटवर बसली, उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. दोन्ही वेळा कशालाही न धरता.

"बसता येतं," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हे म्हणजे टाळ्यांचा कडकडाट होता. मास्तरांनी वही उघडून बाकीचे प्रश्न विचारले. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन गॅसवर जाते का, चढाला किती फरक पडतो, टाकीची तपासणी किती वर्षांनी. मुलगी उत्तरं देत होती, चढाचं तिने लपवलं नाही. "थोडी दमते, सर. गिअर एक खाली घ्यायचा. तुम्हाला मी काय सांगू." मास्तर मान डोलावत होते. कित्येक दिवसांनी एखादी गोष्ट सगळ्या बाजूंनी जमून आल्यासारखी वाटत होती.

"चला सर, एक फेरी मारू."

मुलगी किल्ली घेऊन बाहेर आली. मास्तर सवयीने डावीकडचं दार उघडून बसले आणि पट्टा लावला. बायको सवयीने मागे बसली. मुलगी गाडीजवळ उभी. उजवीकडची सीट रिकामी. तिघंही क्षणभर एकमेकांची वाट बघत राहिले.

"सर, चालवणार कोण?" मुलगी म्हणाली आणि खळखळून हसली. मास्तरही हसले आणि पट्टा काढायला लागले. मुलीने मागे वाकून पाहिलं. "काकू, तुम्ही नाही चालवणार? थांबा, तुम्हीच ना त्या? एका दिवसात गाडी बंद करायला शिकलेल्या? सर आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचे. माझा पाय थरथरत होता, तेवढ्याने थांबला बघा. खरंच सांगते, तुमच्यामुळे शिकले मी."

ती मनापासून बोलत होती. त्यात खवचटपणा कणभरही नव्हता, आणि म्हणूनच काही करता येण्यासारखं नव्हतं.

"हो, मीच ती," बायको म्हणाली.

मास्तर उजव्या सीटवर जाऊन बसले. आरसा लावायला वर पाहिलं तर आरशात बायको. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक तेव्हा झाली नव्हती. बायकोला गाडी शिकायची होती, मास्तर म्हणाले चल. मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघत दोन कॉलेजची मुलं बसली होती. पाण्याच्या टाकीमागच्या चढावर तिने चार वेळा गाडी बंद पाडली. चौथ्यांदा मास्तर म्हणाले, "बाई, हा गिअर आहे, तुमच्या फडताळाचं दार नव्हे. हिसका दिला की उघडत नाही." मुलं हसली. वर्गात ते सगळ्यांना अहो-जाहो करत, म्हणून तिलाही केलं होतं. त्यामुळे मुलं जास्तच हसली. तिने गाडी न्यूट्रलला घेतली. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, किल्ली काढून त्यांच्या हातात दिली, आरशात मागचं बघून दार उघडलं आणि चालत घरी गेली. सगळं क्रमाने, एकही चूक नाही. त्या चालत जाण्याचा मास्तरांनी पुढे विनोद केला. आमची ही, गाडी बंद करायला एका दिवसात शिकली. विनोद चालला. जो चालतो तो माणूस वापरत राहतो.

गाडी छान होती. क्लच लोण्यासारखा, स्टिअरिंग हलकं. मास्तरांनी पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणावर ते काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुलीचा पाय पुढच्या चटईवर जोरात दाबला गेला, जिथे कोणताही ब्रेक नव्हता. आणि मागून आवाज आला, "उजवीकडे सायकल."

घाबरा आवाज नव्हता तो. दूध उतू चाललंय सांगावं तसा. मास्तरांनी ब्रेक दाबला. उजव्या आरशाजवळून, नसलेल्या जगातून निघाल्यासारखा एक सायकलवाला पुढे आला, त्यांच्याकडे रागाने पाहून गेला. काही झालं नाही. मुलीने हळूच पाय मागे घेतला. परतीच्या रस्त्यावर ती फक्त रंगांबद्दल बोलली.

बसमध्ये दोघांना वेगवेगळी जागा मिळाली. घरी आल्यावर बायकोने चपला काढल्या, पाणी प्याली, आणि खुर्चीत बसून गुडघा चोळत विचारलं, "प्रत्येक बॅचला सांगायचात?"

"काय?"

तिने दुसरा गुडघा चोळायला घेतला.

"नवीन माणसं घाबरलेली असतात गं. थोडं हसवायला लागतं."

"बरोबर आहे. लागतंच." मग, "चार वेळा बंद पाडली होती मी. बाकीचे पहिल्या दिवशी किती वेळा पाडतात?"

खोटं सांगता आलं असतं, पण या विषयात त्यांना खोटं बोलता येत नसे. "दहा-बारा वेळा."

"चढावर?"

"चढावर पहिल्या दिवशी कुणालाच नेत नाही मी. पाचव्या-सहाव्या दिवशी..." मास्तर मध्येच थांबले. एकतीस वर्षांचा शिरस्ता होता तो. दोन हजारांत एकही अपवाद नव्हता. एक होता.

"मग मला का नेलंत?"

मास्तरांनी खरोखर आठवून पाहिलं. "मागे मुलं होती. मास्तरच्या बायकोला जरा जास्त यायला पाहिजे, असं वाटलं असेल."

"हं," ती म्हणाली.

"मी शिकवतो तुला. आता शिकवतो. सकाळी सहाला मैदान रिकामं असतं. मागे कुणी नसेल. हळूहळू..."

"आता नको." ती रागावलेली नव्हती, रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "भीती म्हणून नाही. हौस राहिली नाही. त्या वेळी मी पंधरा दिवस वाट बघितली तुमची. म्हटलं, आज म्हणतील चल, उद्या म्हणतील. रोज साडेसहालाच स्वयंपाक उरकून ठेवायचे, तुमच्या सातच्या बॅचच्या आधी. सोळाव्या दिवशी नाही उरकला."

सव्वीस वर्षांपूर्वी पंधरा दिवस आपल्याला वेळेआधी डबा मिळत होता, हे मास्तरांना आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला. डबा आठवला, पंधरा दिवस आठवेनात.

"आणि डोळ्याचं कधी सांगणार होतात?"

"तुला माहीत होतं?"

"थेंबांच्या बाटलीवर नाव असतं. मी औषधवाल्याला विचारलं." ती उठली, खुर्चीच्या हाताला धरून. "मला वाटलं, गाडी घेता घेता सांगाल. गाडीची उंची सांगितलीत, माझा गुडघा सांगितलात, टाकीची तपासणी सांगितलीत. तेवढंच राहिलं."

ती आत गेली. संध्याकाळी लेक कामावरून आली, तेव्हा घर शांत होतं, आणि या घरातली शांतता चांगली नसते हे तिला पाठ होतं. तेवढ्यात शोरूमच्या मुलीचा फोन आला. लेकीने तो उचलून स्पीकरवर टाकला. पांढरी गाडी आहे, सोमवारपर्यंत नक्की केलं तर महिन्याच्या आत मिळेल, सरांना नमस्कार सांगा, काकूंना सांगा माझं काही चुकलं असेल तर...

"तुझं काय चुकलं असणार," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "चांगली दाखवलीस गाडी."

मास्तर मागच्या खोलीत होते. दिवा लावून ते स्टुलावरच्या स्टिअरिंगसमोर बसले होते. भिंतीवर खुणांचे तक्ते. पुढे शाळा आहे, पुढे वळण आहे, पुढे रस्ता अरुंद आहे. खोली त्यांना वाटत होती तेवढी भरलेली नव्हती. त्यांनी डोळ्यानेच मापं घेतली. ही सवय आता लागलीच होती. खिडकीखाली पलंग मावला असता. वॉकरला फिरायला जागा राहिली असती. न्हाणीघर सहा पावलांवर होतं. दोन वर्षांपूर्वीही सहाच पावलांवर होतं. म्हातारीचा खुबा न्हाणीघराच्या वाटेवरच मोडला होता, तिच्या स्वतःच्या घरातल्या, चौदा पावलांच्या वाटेवर. हे बायकोने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांनी वही काढली. चार गाड्या, सुबक अक्षर, प्रत्येक रकाना भरलेला. सगळ्यात चांगली गाडी निवडली होती यात शंका नव्हती. दुसऱ्या कुठल्याही घरात ती शोभली असती. शेवटच्या पानावर बायकोच्या गुडघ्याची उंची लिहिली होती, सेंटिमीटरमध्ये, खाली दोन रेघा मारून.

बाहेर आले तेव्हा दोघी जेवायला बसायच्या बेतात होत्या. लेकीने त्यांच्यासाठी ताट मांडलं. ते बसले नाहीत.

"गाडी घ्यायची नाही," मास्तर म्हणाले. "मी त्या मुलीला कळवतो. शाळा महिनाअखेरीस बंद. चालू बॅचची पोरं पाण्याच्या टाकीजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवीन. मागची खोली उद्यापासून रिकामी करायला घेतो. पुढच्या रविवारी आईंना आणायला जायचं, आपल्या जुन्याच गाडीने. एकदाच बसायचंय त्यांना तिच्यात, उशा लावू. चालवणार ही आपली पोरगी. तू पुढे बसायचं. मी मागे बसेन."